माईक कुठे ठेवायचा

ध्वनिमुद्रणातला पहिला निर्णय पायांनी घ्यायचा असतो. वादक वाजवत असताना त्याच्याभोवती हिंडायचं, चार पावलं मागे जायचं, कोपऱ्यात कान लावायचा आणि मग माईकची जागा ठरवायची. ती जागा चुकली तर पुढे कितीही बटणं फिरवली तरी उपयोग नाही. या विद्येत माझा गुरू एक अल्बम आहे: लेड झेपेलिनचा चौथा, ८ नोव्हेंबर १९७१ रोजी आलेला, मुखपृष्ठावर ना नाव ना बँडचा उल्लेख.

त्यातलं शेवटचं गाणं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मूळ रचना मेम्फिस मिनी आणि कान्सास जो मकॉय यांची, १९२९ सालची, मिसिसिपीच्या १९२७च्या महापुरावरची. झेपेलिननं ती आधी लंडनच्या आयलंड स्टुडिओत करून पाहिली, पण जमली नाही. मग मुक्काम पडला हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंजला. १७९५ साली निराधारांसाठी बांधलेली ही तीन मजली दगडी इमारत. बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ध्वनियंत्रणा बसवलेला ट्रक, आणि यंत्रापाशी अँडी जॉन्स. ड्रमवादक जॉन बॉनमचा ड्रमसेट प्रवेशदालनात जिन्याच्या तळाशी मांडला. जॉन्सनं रिबन जातीचे दोन माईक, बायरडायनॅमिकचे एम १६०, जिन्यावर वरून खाली तोंड करून लावले. एरवी ड्रमच्या अंगाला माईक चिकटवतात. इथे जवळ एकही नव्हता.

त्यामुळे नेमकं काय झालं, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला. वरच्या माईकपर्यंत टिपरीचा घाव पोचतो तेव्हा त्याच्या मागोमाग भिंतींवरून परतलेले आवाजही पोचतात. खर्जाला फुलायला अंतर मिळतं. रिबन माईकमध्ये चुंबकाच्या मधोमध ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी असते. तिला आवाजाची धार थोडी मऊ लागते, त्यामुळे सिंबल कानात घुसत नाहीत. पुढे जॉन्सनं तो आवाज लिमिटरमधून काढला. लिमिटर घाव दाबून धरतो आणि घाव सरला की हात सैल सोडतो; मग मागे राहिलेली खोलीची आस वर येते. प्रत्येक ठोक्यानंतर ती जागा श्वास घेते असं वाटतं, ते यामुळे. त्यावर बिन्सनच्या प्रतिध्वनियंत्राचा एक थर. आणि नंतर टेपचा वेग उतरवला, तेव्हा सगळंच आणखी जड झालं.

पण या सगळ्याच्या मुळाशी बॉनमचा हात आहे. दोनच माईक असले की नंतर स्नेअर वाढवू, सिंबल उतरवू, अशी सोय उरत नाही. समतोल वादकाच्या मनगटात असावा लागतो. बॉनम ड्रम पूर्ण ताकदीनं वाजवायचा आणि सिंबल राखून. माईक लांब नेणं म्हणजे वादकावर भरवसा टाकणं, हे मी या गाण्यातून शिकलो. माझ्या लेखी या धंद्यातलं सगळ्यात मोठं सत्य हेच आहे.

लांबचाच माईक बरा, असा मात्र याचा अर्थ नाही. याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात, ‘ब्लॅक डॉग’मध्ये, गिटारपुढे माईकच नाही. जिमी पेजची गिटार सरळ कन्सोलमध्ये घातली, दोन कंप्रेसरमधून पिळून काढली आणि एकावर एक थर चढवले. हवा शून्य. ती गिटार कानाला टेकून उभी राहते आणि गाण्याला तेच हवं आहे. अंतराचं गणित गाण्यागणिक वेगळं.

ढोल-ताशाचं पथक मुद्रित करताना हे गणित माझ्या फार कामी येतं. ताशाच्या काड्यांचा कडकडाट इतका टोकदार, की जवळच्या माईकमध्ये फक्त तोच उरतो आणि ढोलाची थाप मार खाते. म्हणून मी पथकाला दगडी, उंच छताची जागा शोधायला लावतो. माईक वर आणि लांब. ताशाची धार हवेत थोडी विरते, ढोलाचा खर्ज गोळा होतो आणि टिपरूचा घाव स्वच्छ ऐकू येतो. तरीही ताशा वरचढ वाटला तर फेडरला हात लावत नाही. ताशेवाल्यांनाच मागे सरकवतो.

मुंबईच्या जुन्या रेकॉर्डिस्टना यात नवल वाटणार नाही. सिनेसंगीताची मोठी वाद्यवृंद-मुद्रणं एकाच दालनात, मोजक्या माईकवर होत. कोण कुठे बसणार यावरच मिक्सिंग ठरे. १९७२ साली पेज आणि झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, ते इथल्या वादकांना घेऊन मुद्रण करायला. चौथ्या अल्बममधलं ‘फोर स्टिक्स’ त्यांनी इथे पुन्हा केलं. बॉनमनं ते दोन्ही हातांत दोन-दोन टिपऱ्या धरून वाजवलं होतं. इथे ती लय आपल्या वादकांनी उचलली. ते मुद्रण २०१५ साली प्रसिद्ध झालं. जरूर ऐका.

आज संगणकावर हवी ती खोली निवडता येते, तीही मुद्रणानंतर. ती सोय मीही वापरतो. पण निर्णय पुढे ढकलता येतो म्हणून ढकलत राहिलं, की वादकाला स्वतःचा आवाज कसा घुमतोय हे वाजवताना कळतच नाही, आणि तो त्या घुमण्याला उत्तर देऊ शकत नाही. बॉनम त्या जिन्याला उत्तर देत वाजवत होता. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिले काही दिवस मी कन्सोलला हात लावू देत नाही. आधी खोली ऐका, वादकाला ती ऐकू द्या, मग माईक लावा आणि जे ठरवलं त्याची जबाबदारी घ्या.