कोमट पाण्याचा माग

सासूबाईंचं वय आता ऐंशीच्या पुढं गेलंय. थंडीत गुडघे धरतात, बोटांचे सांधे आखडतात, आणि सकाळची ऊन पाण्याची आंघोळ हेच त्यांचं पहिलं औषध. मागच्या हिवाळ्यात आमच्या सोलरचं पाणी आंघोळीच्या मध्येच कोमट व्हायला लागलं, तेव्हा ती नुसती गैरसोय राहिली नाही. दोन तांबे अंगावर घेतले की तिसरा गार. म्हातारं माणूस ओल्या अंगानं स्टुलावर कुडकुडतंय आणि मी स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन पळतेय, असं किती तरी दिवस चाललं.

आमचं घर विश्रामबागेत, विलिंग्डन कॉलेजच्या अंगाला. दुमजली बंगला, गच्चीवर दोनशे लिटरचं काचेच्या नळ्यांचं सोलर, शेजारी चौथऱ्यावर गार पाण्याची टाकी. सांगलीला उन्हाची वाण नाही. पावसाळ्यातले झाकोळलेले दिवस वेगळे; तेव्हा पाणी तापलं नाही म्हणून सोलरला बोल लावण्यात अर्थ नसतो. पण पौषात आभाळ स्वच्छ असतं. दिवसभर ऊन खाल्लेलं पाणी संध्याकाळी हात लावू देत नाही. मग पहाटेपर्यंत त्याची ऊब जाते कुठं?

दुरुस्तीसाठी आलेल्या माणसानं टाकीवर थाप मारली आणि सांगितलं, "काकू, आतलं पफ गेलंय. टाकीच बदलायला लागतीय बघा." पफ म्हणजे टाकीच्या आतल्या-बाहेरच्या पत्र्यांमधला, ऊब धरून ठेवणारा फोमचा थर. खर्च ऐकून मुलगा तयारही झाला होता. मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. टाकी बदलायला माझी हरकत नव्हती, पण ऊब टाकीतूनच जातेय हे आधी दिसायला हवं होतं.

माझं माहेर गावभागातलं. तिथल्या वाड्यात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत लाकडं आणि गोवऱ्या पेटायच्या, भोवतीनं पाणी. वरच्या नरसाळ्यात गार पाण्याचा तांब्या ओतला की ते तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर यायचं. गार पाणी जड म्हणून खाली, गरम हलकं म्हणून वर. सोलरच्या टाकीचंही तंत्र हेच आहे. खालून गार पाणी शिरतं, वरच्या अंगानं गरम निघतं, आणि कुणी ढवळलं नाही तर दोन्ही थर बराच वेळ आपापल्या जागी राहतात. म्हणून चांगल्या सोलरचं पाणी संपतं तेव्हा बरंचसं वापरून झाल्यावरच गार होत जातं. आमच्याकडं तसं नव्हतं. पहिल्या बादलीतच पाणी कधी कढत, कधी कोमट, पुन्हा कढत यायचं. हा चढउतार मला खटकला. पफ भिजलं किंवा गळून पडलं तर सगळीच टाकी रात्रभरात निवते. तिचं पाणी घटकेत असं रंग बदलत नाही.

आमच्या नेहमीच्या प्लंबरना बोलावलं. त्यांनी टाकीतून निघणाऱ्या गरम पाइपला, टाकीच्या अगदी जवळ, एक तोटी बसवून दिली. तिच्यापुढं एक वॉल होताच. दिवस मावळताना त्या तोटीखाली भांडं धरून थर्मामीटर बुडवला. ५८ अंश. मग पुढचा वॉल घट्ट बंद केला, म्हणजे रात्रभर घराचा आणि टाकीचा संबंध राहिला नाही. पहाटे साडेपाचला, दव पडून गच्ची ओली झालेली, पुन्हा पाणी काढलं. ५३. एवढ्या थंडीत रात्रभरात पाच अंश गेले, म्हणजे टाकी ठणठणीत. वरच्या पत्र्याला तळहात लावून पाहिला, तो बाहेरच्या हवेइतकाच गार होता. आतलं पफ वाया गेलं असतं तर पत्रा उबदार लागला असता.

दुसऱ्या रात्री वॉल नेहमीसारखा उघडा ठेवला. संध्याकाळचं पाणी जवळजवळ तेवढंच गरम, पण पहाटे त्याच तोटीला ४४ अंश. घरात रात्री कुणी गरम पाण्याचा नळ सोडला नव्हता. म्हणजे गार पाणी बाहेरून, गरम पाइपच्या वाटेनं, उलटं टाकीत येत होतं.

याची खूण खरं तर सासूबाईंनी आधीच दिली होती. त्यांना रात्री झोप कमी. "वर पाणी कोण वापरतं गं रात्रीचं? सारखा पंप लागतोय," असं त्या विचारायच्या. आम्ही दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या शॉवरसाठी गार पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवला होता. लाइनमधला दाब उतरला की तो आपोआप सुरू होतो. सगळे नळ बंद असताना तो मध्यरात्री गुरगुरत असेल, तर पाणी कुठून तरी वाट काढतंय हे नक्की. गच्चीवर गेल्यावर दुसरी खूणही दिसली. सोलरच्या टाकीवर उभ्या असलेल्या एअर पाइपच्या तोंडाशी पांढरा खर जमला होता, आणि त्याचा ओघळ थेट फरशीपर्यंत उतरला होता. तिथून पाणी सांडत होतं, सुकत होतं, मागं क्षार ठेवून जात होतं.

मग प्लंबरनी जी परीक्षा घेतली ती प्रत्येक घरात फुकट करता येते. गच्चीवरचा सोलरचा वॉल पूर्ण बंद केला. खाली येऊन फक्त गरम पाण्याचा नळ सोडला. पाइपातलं उरलंसुरलं पाणी येऊन नळ कोरडा पडायला हवा होता. तो थांबलाच नाही. सोलर बंद, तरी गरम नळाला भरधार गार पाणी! "बघा की काकू," ते म्हणाले, "ह्यो नळ कुणाच्या जिवावर चाललाय?" वर पंप सुरू झाल्याचा आवाज येतच होता. मग एकेका बाथरूममधले मिक्सरखालचे अँगल कॉक बंद करत गेलो. वरच्या बाथरूमचे बंद केले आणि खालची धार बारीक होत थांबली.

वरच्या मिक्सरला लांब नळीचा हँड शॉवर आहे, त्याच्या मुठीत बंद करायचं बटण. नातू आंघोळ झाली की मुठीचं बटण दाबून शॉवर लटकवून ठेवायचा. मिक्सरच्या गरम-गार दोन्ही चाव्या उघड्याच. बाहेर जायचं तोंड बंद झालं, पण आत दोन्ही लाइनी एकमेकींना जोडलेल्या राहिल्या. गार लाइनीत पंपाचा दाब, गरम लाइनीत फक्त गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचा. गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसायचं आणि चढत टाकीत जायचं. आमच्या सोलरला येणाऱ्या गार लाइनीवर नॉन रिटर्न वॉल आहे, त्यामुळं त्याला मागं फिरायलाही वाट नव्हती. उरली ती एअर पाइपची. ज्या रात्री नातवानं चाव्या फिरवल्या, त्या सकाळी पाणी चांगलं; ज्या रात्री राहिल्या, त्या सकाळी कोमट. आम्ही थंडीला आणि ढगांना दोष देत होतो.

आणि यात धोकाही होता. पंप थांबला की खालच्या बादलीत एकदम निव्वळ कढत पाणी यायचं. साठ अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी पोळवतं, म्हाताऱ्या पातळ कातडीला तर तेवढाही वेळ लागत नाही. तेव्हापासून सासूबाईंच्या बादलीत आधी विसणाचं पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून पाहिल्याशिवाय तांब्या त्यांच्या हाती द्यायचा नाही, असा मी घरात दंडकच घातला.

इलाज साधा निघाला. वरच्या बाथरूममध्ये मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन रिटर्न वॉल बसवले, आणि हँड शॉवरचं मुठीचं बटण काढून साधा शॉवर लावला, म्हणजे पाणी बंद करायचं तर चाव्याच फिरवाव्या लागतात. नव्या टाकीच्या खर्चापुढं हा खर्च काहीच नव्हता.

हे कळल्यावर ओळखीपाळखीचे विचारायला लागले, आणि प्रत्येक घरात कारण वेगळं निघतं हे लक्षात आलं. शंभर फुटी रस्त्याकडच्या एका फ्लॅटमध्ये पंचवीस लिटरचा गिझर होता आणि तक्रार अशी की मुलगी आंघोळ करून आली की पाणी संपतं. तिथं काहीच बिघडलं नव्हतं. साठ अंशांच्या पंचवीस लिटरमध्ये वीस अंशांचं तेवढंच पाणी मिसळलं की चाळीस अंशांचं पन्नास लिटर होतं. मिनिटाला दहा लिटर सोडणारा शॉवर ते पाच मिनिटांत संपवतो, आणि दोन किलोवॉटच्या कॉइलला पुन्हा तेवढं तापवायला अर्ध्या तासाहून जास्त लागतं. हिशेब मांडून दाखवल्यावर त्यांनी शॉवर सोडून बादली धरली.

दुसऱ्या एका घरात बोअरचं पाणी थेट गिझरला जोडलेलं. क्षारांचा थर कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर इतका चढला होता की कॉइलजवळची उष्णता तिथंच कोंडायची. थर्मोस्टॅटला वाटायचं पाणी तापलं, आणि तो आधीच बंद व्हायचा. दिवा गेला म्हणून ते लोक निर्धास्त, आणि पाणी अर्धवट तापलेलं.

सोलरच्या नळ्यांचं मात्र नुसत्या नजरेनं कळतं. प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखा मुलामा असतो. नळीतली निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चमकतो. कुठं तडा जाऊन हवा शिरली की तोच भाग चुन्यासारखा पांढरा पडतो. अशी नळी पाणी नीट तापवत नाही, उलट रात्री टाकीतली ऊब बाहेर सोडते. तेवढी एक नळी बदलली की झालं.

परवाच मागच्या गल्लीतल्या एक वहिनी त्यांच्याकडं प्रेशर पंप बसवायचा म्हणून विचारायला आल्या. मी त्यांना सांगितलं, सोलरची साधी टाकी दाबाची नसते, त्यामुळं तिला पाणी पंपातून देऊ नका, ते वरच्या टाकीतून उताराचंच राहू द्या. दोन्ही लाइनींना सारखा दाब हवा असेल तर सोलरमधून निघणाऱ्या गरम लाइनीवर गरम पाण्याला चालणारा वेगळा पंप घ्या. आणि प्लंबर आलेलाच आहे तर टाकीजवळ एक तोटी बसवून घ्या, नंतर कधी शंका आली तर थर्मामीटर तिथंच लावता येतो.