बारावा गडी

माझा पुतण्या कांहीं वर्षें मेलबर्न शहरीं नोकरीला होता. गेल्या दिवाळींत तो डहाणूला आमच्या घरीं आला, तेव्हां फराळ झाल्यावर ओटीवर बसून त्यानें मला तिकडच्या फुटबॉलचें पुराण ऐकवलें. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. मैदान अंडाकृति, चेंडूहि अंडाकृति, एकेका बाजूला अठरा गडी, आणि पायाबरोबर हातांनाहि मुभा. पण मला गंमत वाटली ती त्या खेळांतल्या एका माणसाची. २०११ पासून २०१५ पर्यंत तेथील वरिष्ठ स्पर्धेंत असा नियम होता कीं, संघ बावीस जणांचा. त्यांतले अठरा मैदानांत, तिघे आळीपाळीनें आंतबाहेर करणारे, आणि उरलेला एक खरा राखीव. त्यानें हिरवें जाकीट घालून बांकावर बसायचें. एकदां तो आंत गेला, कीं ज्याच्या जागीं गेला त्यानें तांबडें जाकीट चढवून सामना संपेपर्यंत बाहेर राहायचें. मध्यंतरीं हा गृहस्थ नाहींसा झाला. पुढें २०२१ सालीं दुखापतीपुरता, आणि २०२३ सालीं कोणत्याहि कारणासाठीं, तो परत आला.

“काका,” पुतण्या म्हणाला, “आमच्या कचेरींत आठवडाभर वाद चालायचा, या जागीं कोणाला घ्यायचें! ताज्या दमाचा, वेगानें धावणारा घ्यावा, तर बचाव करणारा जायबंदी झाल्यावर काय? कोठेंहि उभा राहणारा घ्यावा, तर तो कोठेंच उठून दिसत नाहीं. लवकर आंत पाठवला तर पुढें हाताशीं कोणी उरत नाहीं. उशिरां पाठवला तर त्याला घेऊन उपयोग काय? आणि तरुण पोराला बसवलें, तर तें दुय्यम संघाच्या अख्ख्या सामन्याला मुकतें.”

मी हंसलों. त्याला वाटलें, हें सारें मला नवीन आहे. परंतु हा प्रश्न सोडवायला मेलबर्नला जावें लागत नाहीं. तो माझ्यापुढें डहाणूच्या मातींत उभा राहिला होता. आणि मीं तो चुकवला होता.

ही हकीगत १९९६ सालची. तेव्हां पालघर जिल्हा झालेला नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यांत मोडत. डहाणूजवळच्या एका शाळेंत मी मराठी आणि भूगोल शिकवीत होतों. आणि दुसरें कोणी तयार होईना म्हणून कबड्डीचा संघहि माझ्याकडे आला होता. माझ्या वडिलांच्या पिढीचा शब्द हुतूतू. मुलांच्या तोंडीं मात्र कबड्डी. संघ बारा जणांचा. सात मैदानांत, पांच बाहेर.

संघ निवडण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ठाऊक असेल कीं, पहिले सात गडी निवडावे लागत नाहींत. ते आपले आपणच निवडले जातात. आठवा, नववा, दहावा, अकरावा, येथपर्यंतहि फारशी अडचण पडत नाहीं. खरी परीक्षा बाराव्याची. ती परीक्षा मुलाची असते असें आपण समजतों. वस्तुतः ती निवडणाराची असते. कारण पहिल्या सातांचें काम ठरलेलें आहे. बाराव्याचें काम काय, हें सामना सुरू होण्यापूर्वीं कोणालाच सांगतां येत नाहीं. घरांत पाहुणा येणार आहे कीं नाहीं हें ठाऊक नसतांना गृहिणी मूठभर तांदूळ अधिक टाकते, तसें तें आहे. तो तांदूळ आंबेमोहोर असण्यापेक्षां वेळेवर शिजलेला असणें अधिक महत्त्वाचें.

त्या वर्षीं बाराव्या जागेसाठीं दोन मुलें होतीं. एकाच्या घरची चिकूची वाडी. मुलगा मोठा चपळ. चढाईला निघाला कीं बघत राहावें. निदानरेषेला पाय लावून परत फिरतांना प्रतिपक्षाच्या अंगावरून जी उडी घेई, तिला पोरांच्या टाळ्या हमखास मिळत. दुसरा तलासरीकडच्या एका पाड्यावरचा वारली मुलगा, वसतिगृहांत राहून शिकणारा. त्याच्या खेळांत टाळी मिळवण्यासारखें कांहीं नव्हतें. पण त्याला कोपऱ्यांत उभा करा, मध्यें उभा करा, चढाईला पाठवा, तो आपलें काम बिनबोभाट करून येई. बाहेर बसवला, तर मांडीवर हात ठेवून सारा वेळ खेळाकडे पाहत बसे.

मीं पहिल्याला घेतलें. कारणें पुष्कळ देतां येतील, आणि तेव्हां मीं तीं मुख्याध्यापकांना दिलींहि. अडलेला सामना एका चढाईंत फिरवील असा गडी राखून ठेवावा, हें त्यांतलें सर्वांत भारदस्त कारण. न सांगितलेलें एक कारण असें कीं, त्या मुलाच्या वडिलांनीं संघाला न्यायला आपला टेम्पो देऊं केला होता. या गोष्टीचा माझ्या निवडीशीं संबंध नाहीं, असें मीं तेव्हां स्वतःला बजावलें. आज छातीवर हात ठेवून तसें सांगवत नाहीं.

दुसरा मुलगा रुसला नाहीं. त्याच टेम्पोंतून तो आमच्याबरोबर आला. मैदानावर फक्कीच्या रेषा आंखायला आणि मुलांना पाणी द्यायला कोणीतरी हवेंच होतें.

उपांत्य सामना अखेरचीं पांच मिनिटें उरेपर्यंत आमच्या हातांत होता. आम्ही दोन गुणांनीं पुढें होतों. इतक्यांत आमच्या डाव्या कोपऱ्यांतल्या मुलाचा घोटा मुरगळला. बाहेर बसलेल्यांपैकीं दोघे आधींच आंत गेले होते, एकजण तापानें फणफणत होता आणि एक केवळ चढाईचाच होता. राहतां राहिला माझा बारावा गडी. मीं त्याला आंत पाठवला. त्याला आयुष्यांत कोणीं कोपऱ्यांत उभें केलें नव्हतें. प्रतिपक्षाचा चढाईवाला आला, डावीकडे झुकला, आणि आमच्या चिरंजीवांना धीर निघाला नाहीं. त्यांनीं झेप घेतली ती एक क्षण आधीं. त्यांना सांवरायला दोघे धांवले, आणि त्या एका चढाईंत आमचे तिघे बाद झाले. आम्ही एका गुणानें मागें पडलों, आणि सामना तेथेंच संपला म्हणायचा.

परतीच्या वाटेवर टेम्पोंत कोणी बोलत नव्हतें. तलासरीचा मुलगा पाण्याची बादली पायांत धरून माझ्याशेजारीं बसला होता. आशागडचा फांटा गेल्यावर तो हळूच म्हणाला, “गुरुजी, तो पोरगा डावा पाय टाकून नुसता फसवायचा. वळल्याशिवाय त्याला धरायचा नव्हता. सकाळपासून तसंच करत होता.”

“अरे, मग हें आधीं कां नाहीं सांगितलंस?” मी जवळजवळ ओरडलोंच.

तो गोंधळला. “मी संघात नव्हतो ना, गुरुजी,” तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता; तो असता तर मला बरें वाटलें असतें.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेंत आला नाहीं. आमच्या भागांत हें नवल नव्हे. भात घरांत आलें, कीं पुढच्या महिन्यांचा प्रश्न उभा राहतो, आणि वीटभट्टीच्या मालकाकडून आगाऊ उचल घेतलेलीं कुटुंबें बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भिवंडी, वसईकडे निघतात. बरोबर मुलें जातात. विटा उचलायला लहान हातहि चालतात. हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें कांहीं दिवस मी गैरहजेरीच्या खुणा करीत गेलों. पुढें तें नांव पटावरून गेलें. माझ्या निवडीमुळें तो गेला, असें म्हणणें हा एक प्रकारचा अहंकारच होईल. उचल घेतलेल्या बापाला मुलाच्या कबड्डीचें काय होय? परंतु संघांतल्या मुलाला परत येण्याला एक निमित्त असतें. आणखी एक सामना उरलेला असतो, कोणीतरी त्याची वाट पाहत असतें. तें निमित्त देणें माझ्या हातीं होतें. तेवढें मीं दिलें नाहीं, इतकेंच मला खात्रीनें सांगतां येतें.

या चुकींत मला अधिक बोंचणारी एक गोष्ट आहे. मी स्वतः त्या शाळेंत आलों तो बदली शिक्षक म्हणून. एक जुने शिक्षक लांबच्या रजेवर गेले होते, त्यांच्या जागीं. आम्ही तिघे उमेदवार होतों, आणि गुणांत मी तिघांत शेवटचा. तरी मला घेतलें. पुढें बऱ्याच दिवसांनीं मुख्याध्यापकांना मीं कारण विचारलें. ते म्हणाले, “त्या दोघांनीं पगार विचारला, राहायची सोय विचारली, त्यांत गैर कांहीं नाहीं. तुम्ही विचारलेंत, कोणत्या वर्गाचें काय शिकवून झालें आहे. बदलीवर येणाराला एवढें कळलें तर पुरे.” दुसऱ्याचा अर्धा राहिलेला डाव जेथून सुटला तेथूनच उचलायचा, हें राखीव माणसाचें सारें शास्त्र, आणि तें ज्याच्या अंगीं होतें त्याच्या हातीं मीं बादली दिली!

राखीव गड्याचें मोल सिद्ध करायला मोठा दाखला हवा असेल, तर तोहि आमच्याच जिल्ह्यांतला आहे. पालघरचा शार्दूल ठाकूर २०१८ सालीं हैदराबादेस आपला पहिला कसोटी सामना खेळायला उतरला, आणि दहा चेंडू टाकून दुखापतीमुळें बाहेर गेला. दुसऱ्या कसोटीसाठीं त्याला दोन वर्षांहून अधिक काळ थांबावें लागलें. ती संधि आली जानेवारी २०२१ मध्यें ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर. जेथें पुतण्याचा तो अठरा गड्यांचा फुटबॉलहि खेळतात! आपले नामांकित गोलंदाज एकामागून एक जायबंदी झाले होते. सरावांत गोलंदाजी करायला म्हणून मागें ठेवलेले वॉशिंग्टन सुंदर आणि नटराजन यांनाहि त्या दिवशीं कसोटीची टोपी मिळाली. सहा बाद १८६ अशी अवस्था असतांना ठाकूर आणि सुंदर यांनीं १२३ धावांची भागी केली. ठाकूरच्या ६७ धावा, आणि दोन्ही डावांत मिळून सात बळी. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता. तो १९ जानेवारीला हरला. हे गडी अकरांत नव्हते तेव्हांहि खेळांतच होते, म्हणून हें घडलें. त्यांना कोणीं बादली धरायला लावून विसरून गेलें नव्हतें.

तलासरीचा तो मुलगा मला पुन्हा भेटला तो पुष्कळ वर्षांनीं, विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेंत. चैत्री पौर्णिमेला ही जत्रा सुरू होते आणि दोन्ही तालुक्यांतलीं माणसें तिला लोटतात. त्या गर्दींत एका भरदार माणसानें वांकून नमस्कार केला. मीं ओळखलें नाहीं. त्यानें हंसून हातांत बादली धरल्याची खूण केली, आणि मग ओळखावेंच लागलें.

तो उंबरगांवकडच्या एका कारखान्यांत कामाला होता. “बदलीवर आहे, गुरुजी. कोणी रजेवर गेला कीं मला बोलावतात. सगळीं यंत्रं येतात मला.” कायम कधीं होणार, असें मीं विचारलें, तो नुसता हंसला. त्या हंसण्याचा अर्थ मीं कितीदां तरी लावून पाहिला आहे. सगळीं यंत्रें येणाराला एका यंत्रावर कायम करावें, असें कोणालाच वाटत नाहीं. तो सर्वांच्याच उपयोगी पडतो, म्हणून.

त्याच्याभोंवतीं दहाबारा पोरें होतीं. पाड्यावरच्या मुलांचा कबड्डीचा संघ तो सांभाळतो, असें कळलें. मला राहवलें नाहीं. मीं विचारलें, “बारावा कोणता घेतोस रे?”

त्यानें क्षणभर विचार केला. “ज्याला घरीं ठेवला तर उद्यां खेळायला येणार नाही, त्याला,” तो म्हणाला. “बाकीचे काय, येतातच.”

ही सारी हकीगत मीं पुतण्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग चिकूची फोड उचलीत म्हणाला, “काका, खरं सांगूं? असा संघ निवडला तर मेलबर्नला एक सामना जिंकतां यायचा नाहीं.”

तें खरें असेल. मींहि मान डोलावली. परंतु त्या दिवशीं जत्रेंत त्या पोरांचे घामेजलेले, हंसरे चेहरे मी पाहत होतों. आणि त्यांच्या संघानें किती सामने जिंकले, हें विचारायचें माझ्या लक्षांतच राहिलें नाहीं.