चाळीस मायक्रॉनची पुंजी

काळी गाडी शोरूममधून घरी येते त्या दिवशी तिच्या दारात आपला चेहरा दिसतो. दाढी राहिली असेल तर तीही दिसते. वर्षभराने रात्री नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवरच्या एखाद्या दिव्याखाली गाडी उभी केली, की त्याच दारावर दिव्याभोवती बारीक रेघांची वर्तुळंच वर्तुळं दिसू लागतात. गाड्यांना पॉलिश करणारे डिटेलिंगवाले त्यांना ‘स्वर्ल’ म्हणतात. गंमत म्हणजे ही वर्तुळं गाडीवर नसतातच. रेघा असतात, हजारोंनी असतात, पण आडव्यातिडव्या, वाटेल त्या दिशेला गेलेल्या. त्यांतल्या दिव्याशी काटकोनात असलेल्या तेवढ्याच आपल्या डोळ्यांकडे उजेड परतवतात, बाकीच्या दिसत नाहीत. म्हणून दिव्याभोवती कुणी गोल गोल घासलंय असा भास होतो. दोन पावलं बाजूला सरकून बघा, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकतं.

शेजारच्या पांढऱ्या गाडीवरही इतक्याच रेघा असतात. पण पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड सगळीकडून इतका उजेड उधळत असतं, की रेघेची बारीकशी चमक त्यात बुडून जाते. काळ्या रंगातलं काजळ आलेला उजेड गिळून टाकतं आणि मागे उरते ती फक्त वरच्या पारदर्शक थराची चमक. त्या थरावर जे झालं असेल ते लपायला जागाच नसते. काळा रंग घेऊ नका असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात, त्यांची कारणं वेगळी असतात. संक्रांतीखेरीज काळं कुणी अंगावर घालतं का, हे त्यांतलं मुख्य. त्यांचा सल्ला तरीही बरोबरच म्हणायचा.

या रेघा येतात कुठून? खोडसाळ पोरं किल्ली ओढून जातात, हे फार थोड्या गाड्यांच्या बाबतीत खरं. आपल्याकडे बहुतेक रेघा रोज सकाळी, अगदी नियमितपणे, पैसे देऊन काढून घेतल्या जातात. साडेपाच-सहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या पुसणारा मुलगा येतो. एक बादली, एक फडकं (बहुधा कुणाचं तरी जुनं बनियन) आणि पुसायला अख्खी रांग. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी मातकट होतं, दहाव्या गाडीला त्याला पाणी म्हणवत नाही. त्याच फडक्याने, हात गोल फिरवत, काल रात्रीची धूळ बॉनेटवर रगडली जाते.

आणि धूळ तरी कसली! नवी मुंबईच्या धुळीत काळ्या पाषाणाचा चुरा असतो. हा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसावर उभा आहे. पारसिकच्या डोंगरउतारावर वर्षानुवर्षं खाणी आणि क्रशर चालले, इथल्या इमारतींची खडी तिथूनच आली. विमानतळासाठी उलव्याचा नव्वदेक मीटर उंचीचा डोंगर सुरुंग लावून जमीनदोस्त केला, नदीचं पात्र वळवलं. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा टीव्हीवर कमळाच्या आकाराचं टर्मिनल दिसलं. डोंगराचा जो भाग हवेवर बसून सीवूड्स, नेरुळ, बेलापूरच्या पार्किंगांत उतरला होता, तो अर्थातच दाखवण्यासारखा नव्हता. बसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज काचेवरही ओरखडा काढतं. गाडीचा वरचा थर तर प्लॅस्टिकच्या जातीचा. काळ्या दगडाने काळ्या रंगाची केलेली ही दुर्दशा.

दसऱ्याला त्यात आपणही हातभार लावतो. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचं तोरण, आणि त्या तोरणाची सुतळी मग सासुरवाडीपर्यंत रंगावर घासत जाते.

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात, एका काळ्या गाडीवरच्या अशा रेघा घालवायचं पॉलिशचं काम बघत मी बराच वेळ बसलो. तिथला कारागीर पंचविशीतला, साताऱ्याकडचा. मला वाटलं होतं तो आल्या आल्या मशीन हातात घेईल. मशीनची पाळी फार उशिरा आली. आधी धुणं. मग एक फवारा, ज्याने पांढऱ्या शुभ्र दिसणाऱ्या गाडीवरूनसुद्धा जांभळे ओघळ वाहू लागतात. ब्रेकच्या आणि रेल्वेच्या चाकांतून उडालेले लोखंडाचे कण त्यात विरघळत असतात. मग त्याने हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली, बॉनेटवरून बोटं फिरवली आणि मला म्हणाला, “काका, तुम्ही पण बघा.” नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं ते पिशवीतून चक्क खरखरीत लागलं. मग त्याने चिकणमातीसारखा एक गोळा ओल्या रंगावर फिरवून ती खरखर काढली, आणि रबराच्या पट्ट्यांना, बोधचिन्हाला, पत्र्याच्या सगळ्या कडांना निळी टेप लावली. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन सगळ्यात आधी तिथेच तो खाते.

त्यानंतर निघालं ते छोटं यंत्र, रंगाची जाडी मोजायचं. बॉनेटवर ११२, ११८, १०९. मागच्या दरवाज्यावर एकदम २४०. “हा दरवाजा परत रंगवलाय,” तो सहज म्हणाला. गाडीच्या मालकाने ती जुन्या बाजारातून घेतली होती, अपघात न झालेली म्हणून. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

हे आकडे मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट, असं सगळं मिळून दीड केसाइतकं. त्यातला क्लिअर कोट चाळीसच्या आसपास. उन्हापासून रंगाला वाचवायचं काम त्याचं. आणि पॉलिश म्हणजे काय, तर हाच थर खरवडणं. मला आधी वाटायचं तसं अनेकांना वाटतं, की पॉलिश ओरखड्यात जाऊन बसतं आणि तो बुजतो. चांगल्या कामात काहीही बुजवलं जात नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा थर खाली आणला जातो. बाजू राहिली नाही की खड्डाही राहत नाही. एका वेळी एक, दोन, फार तर तीन मायक्रॉन जातात. पुंजी चाळीसची, आणि तिच्यात भर घालायची सोय नाही.

म्हणूनच मशीन लावण्याआधी तो मुलगा प्रत्येक ठळक रेघेवर नख आडवं ओढून बघत होता. “हा नखाला लागतोय, काका. हा राहू दे.” मालक हटून बसला होता, सगळे काढ, पैसे किती ते सांग. कारागिराने ऐकलं नाही. मला त्या मुलाचं मोठेपण यात वाटलं. मशीन चालवायला शिकता येतं. स्पंजाचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय छोट्या वर्तुळात झुलतो, दोन बाय दोन फुटांच्या चौकोनात आधी उभे मग आडवे पट्टे, हात गोगलगायीच्या चालीने. हे सहा महिन्यांत जमेल. न काढायचा ओरखडा ओळखायला आणि गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायला जास्त वर्षं लागत असावीत. त्याला ते लवकर साधलंय.

पट्टा संपला की तो स्पिरिट मारून पुसायचा आणि मग दिवा धरायचा. पॉलिशमधलं तेल रेघा झाकतं. ते उडाल्यावर जे दिसतं ते खरं. रस्त्याकडेच्या ‘रबिंग’मध्ये नेमकं हे स्पिरिट नसतं. तिथे लोकरीचा पॅड भरधाव फिरतो, वरून तेलकट थर चढतो, गाडी आरशासारखी होऊन परत मिळते आणि दोन पावसांनंतर रेघा हजर. सोबत मशीनने स्वतः काढलेले नवे पट्टेही.

पूर्वीच्या गाड्यांना हा वरचा पारदर्शक थर नव्हताच. काळीपिवळी पद्मिनी घासली की फडकं काळं व्हायचं, कारण निघायचा तो रंगच. कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ला, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती टॅक्सी म्हणून दिसेनाशी झाली. तिच्या चालकांना स्वर्लची फिकीर नव्हती. रंग उडाला की वर नवा हात मारायचा.

झिजलेल्यावर हात मारायचा की लेप द्यायचा, हा प्रश्न गाड्यांपुरता नाही. पंढरपूरला लाखो हातांच्या स्पर्शाने विठ्ठलाच्या मूर्तीचे पाय झिजतात. २०२० साली लॉकडाऊनमध्ये देऊळ बंद असताना पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून मूर्तीला वज्रलेप करून घेतला. तिथे घासून सारखं करण्याचा विचारही कुणाच्या मनात येणार नाही. झिजलेलं मान्य करून वरून जपायचं, एवढंच.

गाड्यांचाही एक वज्रलेप सध्या जोरात आहे, सिरॅमिक कोटिंग. त्यावर ‘९एच’ लिहिलेलं असतं आणि विकणारा अशा काही सुरात सांगतो, की ऐकणाऱ्याला हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. ९एच हा पेन्सिलीचा दर्जा आहे. कंपासपेटीत एचबी असते, चित्रकलेच्या दुकानात टूएच मिळते, त्याच रांगेतली ही सगळ्यात कडक पेन्सिल. तिने ओरखडा उठत नाही, इतकाच या दाव्याचा अर्थ. कोटिंगने पाणी छान घरंगळतं, चिखल लवकर सुटतो, पक्ष्यांची विष्ठा पुसायला थोडी उसंत मिळते. हजारो रुपये द्यायला एवढं पुरेसं वाटत असेल तर जरूर द्यावेत. पण पाषाणाच्या चुऱ्याने भरलेलं फडकं पेन्सिलीच्या परीक्षेला बसलेलं नसतं.

त्या काळ्या गाडीचं पॉलिश संध्याकाळी संपलं. बॉनेटमध्ये गाळ्याच्या ट्यूबलाइटा मोजता येत होत्या. मालकाने बिल दिलं, ते सोसायटीत गाडी पुसणाऱ्या मुलाला तो दोन वर्षांत देतो त्याहून जास्त होतं. त्या मुलाला खाली नळ वापरायची परवानगी नाही, हेही बोलता बोलता कळलं. पाणी वाया जातं म्हणून कमिटीने ठराव केलाय. मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी पाइपाने गाड्यांवर सोडू नये, हे मलाही पटतं. पण बोअरचं पाणी आहे, पावसाळ्यात गच्चीवरून वाहून जाणारं आहे. धूळ आधी ओली होऊन सुटी व्हायला हवी, मग पुसायची. तेवढ्याला गाडीमागे दोन बादल्या पुरतात. तेव्हा पुढच्या सोसायटीच्या सभेत कोटिंगच्या सवलतीची पत्रकं वाटली जातील त्या वेळी एक विषय तुम्ही मांडा: पार्किंगमध्ये बोअरचा एक नळ, त्या मुलाला गाडीगणिक मायक्रोफायबरची दोन धुतलेली फडकी, आणि महिन्याला शे-दोनशे रुपये जास्त.