हासळीवरचे तीन काप

रंगीत पेन्सिलींनी चांदी काढायची म्हटलं की पहिली अडचण रंगाचीच येते. डब्यात ‘सिल्व्हर’ नावाची पेन्सिल असते, पण तिने काढलेला दागिना चॉकलेटच्या चंदेरी कागदासारखा दिसतो. काळ्या पेन्सिलीने सावल्या दिल्या तर तो लोखंडाचा वाटतो. कारण चकचकीत चांदीला स्वतःचा असा रंग फारसा नसतोच. समोर जे असेल ते ती दाखवते.

हे मी शिकले ते आजीची हासळी काढताना. हासळी म्हणजे गळ्यात घालायचं चांदीचं जाड कडं. पुढे अंगठ्याएवढं जाड, मागे निमुळतं होत गेलेलं, टोकांना तार गुंडाळलेली. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या गावांत होळीला आजही बायकांच्या गळ्यात अशी जड चांदी दिसते. आमचं गाव खाली सपाटीला, शहाद्याकडे. तिथे आता हासळ्या पेटीतच असतात. आजीची २७ तोळ्यांची होती. आजी गेल्यावर वारस तीन: आत्या, काका आणि माझे वडील. एक हासळी तिघांत वाटायची तर मोडावीच लागणार. कुणी भांडलं नाही. दिवाळीनंतर सराफाकडे जायचं ठरलं. माझ्या हातात आठ दिवस होते.

फोटो पहिल्याच दिवशी काढले, चाळीसेक तरी. तरी चित्र काढायला बसले. हासळी कागदावर ठेवून कड गिरवली, म्हणजे माप खरं राहावं. मग राखाडी रंग तयार केला. गडद निळ्यावर तपकिरी, अगदी हलक्या हाताने, थरावर थर. दोन्ही मिळून जो राखाडी होतो त्यात जीव असतो. जिथे सगळ्यात जास्त चमक आहे तिथे काहीच करायचं नाही, कागद कोरा ठेवायचा. मेणाची पेन्सिल पूर्ण खोडली जात नाही, त्यामुळे कोरी जागा आधीच ठरवावी लागते. तारेच्या खाचांत चांदी काळवंडली होती. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर असा थर चढतो. तो काळाही नुसता काळा नव्हता. कडेला पिवळट, मध्ये निळसर.

तिसऱ्या दिवशी मला लाल पेन्सिल घ्यावी लागली. अंगणात मिरची वाळत होती. त्या दिवसांत नंदुरबारच्या आसपास मोकळ्या रानांत मिरचीच्या पथाऱ्या पडतात, लांबून जमीनच लाल दिसते. आमच्या अंगणात घरच्या तिखटापुरतीच होती, पण तेवढ्याने हासळीच्या पोटाला लाल पट्टा आला. फोटोत तो होताच. मला दिसला नव्हता.

आणि चौथ्या दिवशी काप दिसले. आतल्या बाजूला, मानेला टेकतं तिथे, तीन बारीक खाचा. मला वाटलं, झीज असेल. पण झीज गुळगुळीत असते, या खाचांच्या कडा सरळ होत्या. आत्याला विचारलं. ती चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, “सराफाने कापलंय ते.” जाड दागिन्यात आत तांबं तर नाही ना, हे बघायला सराफ छोटा काप देतो. म्हणजे प्रत्येक काप ही गहाण ठेवल्याची खूण.

पहिला १९७२ च्या दुष्काळातला. आजी-आजोबा खडी फोडायला जात होते आणि तरी घरात दाणे नव्हते. दुसरा काकांच्या कॉलेजच्या प्रवेशाचा. तिसरा कशाचा, ते आत्यालाही सांगता आलं नाही. बँक दूर आणि सराफ जवळ असायचा, तेव्हा बाईच्या गळ्यातली चांदी हीच घरची ठेव. ती जायची आणि परत यायची. आजीने तीनदा ती सोडवून आणली होती.

काकांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे. पण ते काप नको दाखवूस. भिंतीवर लावायचं आहे ना?” मला त्यांचं पटतही होतं. आपली गरिबी फ्रेममध्ये कुणाला हवी असते? उत्तर आत्यानेच दिलं, अहिराणीत: “ऱ्हाऊ दे. त्यान्हावरच तू शिकना.” राहू दे, त्याच्यावरच तू शिकलास. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काप राहिले.

त्या दिवसांत मला अजिंठ्याची आठवण येत होती. खानदेशाला लागूनच तर आहे. रॉबर्ट गिलने १८४४ पासून कित्येक वर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा कामाला लागले. १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत त्यांच्याही पुष्कळ प्रती गेल्या. प्रती जळाल्या, चित्रं गुहेतच राहिली. आमच्याकडे उलट झालं. हासळी सराफाच्या मुशीत वितळली आणि कागद राहिला.

आत्याच्या वाट्याचे तिच्या नातीला पैंजण झाले. ते सुंदर आहेत आणि ती ते घालून घरभर धावते. चांदी पेटीत पडून राहण्यापेक्षा हे बरं, असं मला मनापासून वाटतं. फक्त पैंजणांवर काप नाहीत.

तुमच्याही घरात असं काही असेल. अडकित्ता, तांब्याचा बंब, समई, आजोबांचं घड्याळ. फोटो काढाच. पण एकदा तरी खऱ्या मापात, हाताने काढा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. जिथे पोचा, डाग किंवा डाग दिलेला सांधा येईल तिथे पेन्सिल आपोआप थांबते. थांबली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि विचारा, लगेच. तिसऱ्या कापाबद्दल विचारायला माझ्याकडे माणूस उरलं नव्हतं.