झोपलेल्या यंत्राला उठवताना

गाढ झोपलेल्या माणसाला गदागदा हलवून उठवू नये, असे आमची आजी म्हणे. जुन्या यंत्रांच्या बाबतीत मी हाच नियम पाळत आलो आहे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत तीस वर्षे काढल्यावर एवढे शहाणपण यायलाच हवे! वर्षानुवर्षे पडून राहिलेले यंत्र पुष्कळदा माळ्यावर मरत नाही. ते मरते खाली काढल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. कुणीतरी हौसेने खटका दाबतो आणि कारभार आटोपतो.

गेल्या दिवाळीत आमच्या उल्हासनगर कॅम्प १ मध्ये असाच प्रसंग आला. शेजारच्या भाभींचा नातू सुटीला आला होता. माळ्यावरच्या पेटीत त्याला जुना टीव्ही गेम सापडला. भाभींच्या यजमानांनी तो १९९४ साली मुलांसाठी आणला होता. पण रात्री दुकान बंद करून आल्यावर मुलांपेक्षा तेच अधिक खेळत. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. तेव्हापासून भाभींनी त्याला कुणाचा हात लागू दिला नव्हता. "भाऊ, चालू होत असेल तर बघा," त्या म्हणाल्या, "पण जळला, तर मला सांगू नका." आता अशा वस्तूला हात लावायचा म्हणजे जोखीमच की हो!

हा गेम म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची नक्कल. आपल्याकडे त्या काळी घरोघरी बहुधा अशा नकलाच आल्या. नकलेचे आम्हांला काय कौतुक सांगावे! फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे गाव उभे केले, १९४९ साली त्याला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले, आणि पुढे इथल्या मालावरच्या 'मेड इन यू.एस.ए.'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लोक हसत हसत सांगू लागले. वस्तू नकली असली, तरी तिच्याशी जडलेला जीव काही नकली नसतो.

नातू प्लग खुपसायला निघाला. म्हटले, "बाळ, आधी बघायचे, मग हुंगायचे, वीज सगळ्यांत शेवटी."

पहिला संशय अ‍ॅडाप्टरवर घ्यावा. पिन बसली म्हणजे अ‍ॅडाप्टर जुळला, असे नव्हे. मूळ जपानी यंत्राला १० व्होल्ट डीसी लागते आणि पिनेच्या मध्यभागी ऋण टोक असते. त्याच्याच अमेरिकन भावंडाचा अ‍ॅडाप्टर ९ व्होल्ट एसी देतो. तो चुकून इकडे लावला, की यंत्राचे पोट बिघडलेच समजा. म्हणून यंत्राच्या तळाची आणि अ‍ॅडाप्टरची चिठ्ठी ताडून पाहावी, मल्टिमीटर लावावा. जुना, वजनदार अ‍ॅडाप्टर नुसता मोजला, तर ९ च्या जागी १२-१३ व्होल्टही दाखवतो. भार पडला की उतरतो. वायर तडकली असेल, तर मात्र दयामाया न दाखवता नवा आणावा. आम्ही तेच केले.

मग वीज न जोडता पेटी उघडली. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दमट हवा कुठे शिरत नाही? आत झुरळांची घाण होती, ती मऊ ब्रशने काढली. एका कपॅसिटरचे डोके फुगले होते. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच क्षमतेचा नवा, धन-ऋण टोके पाहून बसवला. कॅसेटला नातू फुंकर मारणार, तोच मी हात धरला. फुंकरीतला ओलावा धातूला गंज चढवतो. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पट्ट्या पुसल्या आणि पूर्ण वाळू दिल्या.

शेवटी कॅसेट न लावता अर्धा मिनिट वीज दिली. माझा एक हात बटणावर, नाक यंत्राशी! वास नाही, धूर नाही, चटका बसेल असे ऊन नाही. मग कॅसेट लावली, आणि ती ओळखीची किणकिण सुरू झाली. स्वयंपाकघरातले लाटणे थांबले. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत.

बंदूक तेवढी चालेना. त्यात बिघाड नव्हता. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तो टिपतो. हा हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यासाठी बांधलेला. नव्या सपाट टीव्हीवर तो चुकतो. पण म्हणून घरातला जुना टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. बंद असूनही त्याच्या ट्यूबमध्ये जबर विद्युत्भार उरलेला असू शकतो.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत असे काही हाती लागले, तर फराळाची घाई करा, खटक्याची करू नका. नातवाला भाभींनी आता एकच नियम घालून दिला आहे: खेळ झाला की अ‍ॅडाप्टर भिंतीतून काढायचा. आणि रात्री त्याचा एक डाव त्या स्वतः खेळतात. हरतात, पण खेळतात.