राणीच्या बागेतील जुनी वास्तू

गावाकडून पाहुणे आले, की त्यांना राणीच्या बागेत न्यायचे, ही मुंबईतल्या कामगार घरांची जुनी रीत. डब्यात चपाती आणि बटाट्याची सुकी भाजी, पाण्याची बाटली, सोबत पोरांची पलटण. जनावरे बघायची, झाडाखाली जेवायचे आणि ऊन उतरले की भायखळा स्टेशन गाठायचे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरून बागेत शिरताना जवळच उभ्या असलेल्या जुन्या इमारतीत पाऊल टाकणारे किती? आम्हीही कित्येक वर्षे तिच्यावरून तसेच पुढे गेलो. एका रविवारी मात्र मुलांना बजावले, आधी म्युझियम, मग हत्ती-माकडे!

हे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय, मुंबईतले सर्वांत जुने. १८६२ मध्ये पाया घातला आणि १८७२ मध्ये ते लोकांसाठी उघडले. तेव्हा नाव होते इंग्लंडच्या राणीचे व तिच्या नवऱ्याचे. ते उभे राहावे म्हणून जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी अशा मंडळींनी खटपट केली. गरिबांना औषध देणारे हे डॉक्टर अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखही वाचत बसत, हे आपल्या वाचकांना ऐकून बरे वाटेल. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव मिळाले.

नाव मिळाले, पण वास्तू खंगत चालली होती. ओल, गळती, वर्षानुवर्षे एकावर एक चढवलेले रंग. शेवटी २००३ मध्ये महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला आणि काम हाती घेतले गेले. वास्तुरचनाकार होते विकास दिलावरी. २००८ च्या आरंभी दरवाजे पुन्हा उघडले. त्याआधीच, २००५ मध्ये, युनेस्कोने या कामाला आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार दिला होता.

आम्हाला नवल वाटले ते कामाच्या पद्धतीचे. नवे काय बसवायचे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारलाच नाही. मुळात काय होते, ते आधी शोधले. रंगाच्या थरांखाली दडलेली नक्षी हुडकली आणि तशीच पुन्हा रेखली. कोरीव कामावर खऱ्या सोन्याचा वर्ख चढवला. बिडाचे उंच खांब, चारी बाजूंनी फिरणारा वरचा सज्जा, त्याचा नक्षीदार कठडा, लाकडी कपाटे, सारे जागच्या जागी. सज्जात उभे राहून खाली पाहिले, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला काय दिसले असेल ते कळते. आमच्यासोबतचे एक काका गवंडीकामातले. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "जुनी भिंत चुन्याची असते. तिला वरून सिमेंट फासले की ओल आतच कोंडते आणि भिंत आतून सडते. घाईचे काम नव्हे हे."

काकांचे बोलणे ऐकताना आम्हाला आमच्या वस्तीतले समाजमंदिर आठवले. दुरुस्तीला पैसे जमले आणि आठ दिवसांत जुने सागवानी दरवाजे भंगारात गेले. वर्गणीतून, आमच्या आज्या-आजोबांच्या घामातून आलेले ते लाकूड! आता तिथे गुळगुळीत लाद्या आणि स्टीलचे कठडे आहेत. झाडायला सोपे, हे खरे. पण म्हाताऱ्या माणसांना ते आपले वाटत नाही.

संग्रहालयात आमची पावले सर्वांत जास्त रेंगाळली ती मातीच्या छोट्या पुतळ्यांपाशी. निरनिराळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसे त्यात आहेत. साहेबाला हा देश कपाटात मांडून बघायचा होता, हे उघडच आहे. जात हाही त्याला एक नमुनाच! पण त्या पुतळ्यांचे हात बघा. कुणी विणतो आहे, कुणी ठोकतो आहे. इमारतीला पैसा देणाऱ्यांची नावे इतिहासात आहेत, पायाचे दगड वाहणाऱ्यांची नाहीत. आमच्या धाकटीने विचारले, "यातली आपली माणसं कुठली?" तिच्या आईने तिला कपाटाजवळ नेले आणि बराच वेळ दोघी तिथेच होत्या.

बाहेर बागेत दगडी हत्ती आहे, तोही चुकवू नका. घारापुरी बेटावरचा हा हत्ती इंग्रजांनी विलायतेला न्यायचे ठरवले, तेव्हा उचलतानाच फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केला. सांधे अजून दिसतात. मुलांना ते शोधायला लावा, अर्धा तास सहज जातो.

जाणार असाल तर बुधवार टाळा, त्या दिवशी म्युझियम आणि बाग दोन्ही बंद असतात. डबा मात्र नंतर, झाडाखाली.