ओव्याचा गंध आणि बुरशी

रासायनिक फवारा तेवढा विषारी आणि झाडपाल्यातून निघालेले सारे निरुपद्रवी, असा एक भाबडा समज हल्ली सुशिक्षितांतही आढळतो. आम्हां बडोदेकरांना त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. १९७४ साली शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात व राजस्थानातील बांसवाडा भागात मक्याच्या काढणीपूर्वी अवेळी पाऊस झाला. मका ओला राहिला, बुरसला. ज्यांच्या घरी दुसरे धान्य नव्हते, त्या आदिवासी कुटुंबांनी तोच दळून खाल्ला आणि काविळीने शंभराच्या वर माणसे दगावली. त्यांच्या अन्नावर जगणारी कुत्रीही वाचली नाहीत. बुरशीने निर्माण केलेले ते अफ्लाटॉक्सिन कोणत्याही कारखान्यातले नव्हते, निसर्गाचेच होते. भाकरी भाजल्याने ते पुरते नष्टही होत नाही.

बुरशीला आवर घालणे म्हणूनच अपरिहार्य. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवड्यासाठी मोरचूद व चुन्याचे मिश्रण पुढे आणले. ते उपयोगी खरे. पण तांबे जमिनीत साचत जाते. नंतर आलेले कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीत एकाच जागी घाव घालते. ती जागा किंचित बदलली, की बुरशी औषधाला जुमानीत नाही.

दातदुखीला लवंग आणि पोटदुखीला ओवा देणाऱ्या आमच्या आजीला युजेनॉल अन् थायमॉल ही नावे ठाऊक नव्हती. तिच्या मिसळणाच्या डब्यातील तीच द्रव्ये, तसेच गवती चहातील सिट्रल, बुरशीच्या पेशीचे आवरण दुबळे करतात आणि आतील जीवनरस पाझरू लागतो. घाव एकाच जागी नसल्याने बुरशीला सुटका सोपी नसते. हेही रसायनशास्त्रच आहे. फक्त त्याची प्रयोगशाळा वनस्पतीच्या देहात असते.

मग शेतकरी बंधूंनी आजच मोरचूद टाकून द्यावा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. ही तेले पाण्यात मिसळत नाहीत, प्रमाण वाढले तर पानेच करपवितात आणि उन्हावाऱ्याने लवकर उडून जातात. परंतु उघड्या शेतात जो दोष, तोच बंद कोठारात गुण ठरतो. उडालेली वाफ तेथे दाण्यादाण्याभोवती कोंडून राहते. काशी हिंदू विश्वविद्यालयातील संशोधकांनी साठवणीच्या धान्यावरील बुरशीसाठी अशा तेलांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे, तो उगाच नव्हे.

औषध निसर्गातले की कारखान्यातले, हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. ते कोठे, किती आणि कशासाठी वापरावयाचे, हा खरा प्रश्न. आणि त्याही आधीचे एक काम उरतेच: कणगीत भरण्यापूर्वी धान्याला कडकडीत ऊन दाखविणे. ओल्या दाण्याचे रक्षण ओव्याचा कितीही उग्र गंध करू शकणार नाही.